'गो सेट अ वॉचमन': अ‍ॅटिकसचं ठीक आहे, पण जेमचं काय?

आंबेमोहोर

(कथानक पूर्ण उघड केलं आहे. वाचायची असेल त्यांनी आधी वाचून मगच इथे यावं.)

२०१५ च्या जुलैत हार्पर ली यांची 'गो सेट अ वॉचमन' आली, तेव्हा मी ती मुद्दामच वाचली नव्हती. त्यांचंच 'टू किल अ मॉकिंगबर्ड' इतक्यांदा वाचलंय की लहानगी स्काउट, तिचा भाऊ जेम आणि त्यांचा वकील बाप अ‍ॅटिकस ही घरचीच माणसं झाली आहेत. आणि पुस्तक दुकानात यायच्या आधीच बातमी फुटली होती की म्हातारपणीचा अ‍ॅटिकस वर्णद्वेषी निघतो. यंदा अखेर वाचली आणि फार निराश झाले. लोक ज्यावरून चिडले होते त्यावरून मात्र नाही, म्हणून हा धागा काढतेय.

थोडक्यात गोष्ट अशी. स्काउट आता सव्वीस वर्षांची जीन लुईज आहे. न्यूयॉर्कला राहते आणि वर्षातून एकदा सुट्टीला अलाबामातल्या मेकॉम गावी येते. अ‍ॅटिकस बहात्तर वर्षांचा आहे, संधिवाताने बोटं आखडलेली. घर अलेक्झांड्रा आत्या चालवते. मुलांना वाढवणारी घरची कृष्णवर्णीय कामवाली कॅलपर्निया काम सोडून आपल्या वस्तीत राहायला गेली आहे. लहानपणीचं घर विकलं गेलंय आणि त्या जागी आइस्क्रीमचं दुकान उभं आहे. आणि जेम या जगात नाही.

जेम गेला हे आपल्याला कसं कळतं? हेन्रीची ओळख करून देताना. हेन्री हा तिचा बालमित्र आणि प्रियकर, आता अ‍ॅटिकसच्या हाताखालचा वकील. लेखिका सांगते की त्याच सुमारास जीन लुईजचा भाऊ एके दिवशी चालता चालता कोसळला आणि गेला. ते सगळं पार पडल्यावर, वकिली मुलाकडे सोपवायचं मनात असलेल्या अ‍ॅटिकसने दुसरा कुणी तरुण मिळतो का ते पाहिलं. संपलं. ज्या भावाच्या मागे मागे आपण सगळं मेकॉम हिंडलो, तो हेन्रीला काम कसं मिळालं हे सांगायच्या ओघात मरून जातो.

आईसारखंच त्याचंही हृदय दगा देतं. म्हणजे त्या बापाने आधी तरुण बायको आणि नंतर तरुण मुलगा, दोघांनाही तसंच अचानक गमावलंय. या घरात जेवणाच्या टेबलावर काय होत असेल? रिकाम्या खुर्चीकडे कोण बघत असेल, कोण बघायचं टाळत असेल? बाप-लेक एकमेकांशी जेमबद्दल बोलतात का, की एकमेकांना जपायचं म्हणून गप्प बसतात? कादंबरी यातलं काही विचारत नाही.

एकच जागा आहे. आत्याशी खटका उडतो आणि आत्या म्हणते की तुझ्या बेफिकिरीची काळजी तुझ्या भावाला मरेपर्यंत लागून होती. बाहेर पाऊस पडतोय. जीन लुईज मनातल्या मनात जेमशी बोलते: तू असं कधी म्हणाला नाहीस, मनात असतं तर माझ्या तोंडावर म्हणाला असतास. आत्ता तुझ्या थडग्यावरही हाच पाऊस पडत असेल. जेमतेम तीन-चार ओळी. त्या वाचताना माझ्या पोटात कालवलं. त्यांत सगळं आहे: मेलेल्या माणसाचं नाव भांडणात ओढणारे नातेवाईक, आणि त्याची बाजू घ्यायला मागे उरलेली एकटी बहीण. पुढच्या पानावर मात्र लेखिका ते सोडून देते आणि परत त्या वाटेला जात नाही.

मग वडिलांचं प्रकरण. कोर्टात सिटिझन्स कौन्सिलची, म्हणजे वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची, सभा भरते. जीन लुईज वर गॅलरीत, लहानपणी जिथून वडिलांना खटला लढवताना पाहिलं होतं तिथेच जाऊन बसते, आणि खाली अ‍ॅटिकस एका विखारी वक्त्याची ओळख करून देत असतो. हा प्रसंग जबरदस्त आहे. पण नंतरची शंभर पानं निव्वळ वादावादी आहे. बाप-लेकीचं मुख्य भांडण शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि राज्यांचे हक्क यांवर होतं. शेवटी जॅककाका तिला एक थप्पड मारतो, व्हिस्की पाजतो, मोठं व्याख्यान देतो, आणि पोरगी शांत होऊन वडिलांना गाडीत बसवून घरी घेऊन जाते.

वडील मनातून उतरले तर ते दुःख वाटून घ्यायला आपल्याच घरात वाढलेलं दुसरं कुणीतरी लागतं. काका चालत नाही, प्रियकर तर नाहीच. भावंड लागतं. जीन लुईजचं भावंड लेखिकेने पहिल्याच प्रकरणात नेलं आणि त्याच्या नसण्याची किंमत कुठेच मोजली नाही. माझी निराशा ही आहे.

तुम्हाला काय वाटतं?

कातळ

चांगला धागा. पण एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, नाहीतर सगळी चर्चा भलत्या पायावर उभी राहील. हा पुढचा भाग नाही. ही आधी लिहिलेली कादंबरी आहे.

१९५६ च्या नाताळात ब्राऊन दांपत्याने, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या मित्रांनी, ली यांना वर्षभराच्या पगाराइतके पैसे भेट दिले: नोकरी सोड आणि लिही. तोवर त्या एका विमान कंपनीत तिकिटांच्या आरक्षणाचं काम करत होत्या. १९५७ साली 'वॉचमन'चं हस्तलिखित लिपिंकॉट प्रकाशनाकडे गेलं. तिथल्या संपादक टे होहॉफ यांना त्यातले बालपणीचे तुकडे आवडले. तेवढेच घे आणि लहान स्काउटच्या नजरेतून पुन्हा लिही, असं त्यांनी सुचवलं. दोन-अडीच वर्षं घासूनपुसून जे तयार झालं ते जुलै १९६० मध्ये 'मॉकिंगबर्ड' म्हणून आलं. १९६१ ला पुलित्झर, १९६२ ला ग्रेगरी पेकचा सिनेमा. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर मेकॉम गावाचं वर्णन, आत्याच्या कॉर्सेटचं वर्णन, असे काही परिच्छेद जवळपास शब्दशः सारखे सापडतात. उलट काही गोष्टी जुळतच नाहीत. 'मॉकिंगबर्ड'चा कणा असलेला खटला 'वॉचमन'मध्ये ओझरता येतो आणि तिथे आरोपी निर्दोष सुटतो! घराबाहेर न पडणारा गूढ शेजारी बू रॅडली तर नाहीच. म्हणजे 'मॉकिंगबर्ड'मधला जेम वाचून आपण त्याच्यासाठी जो जीव टाकतो तो जेम 'वॉचमन' लिहिताना अजून जन्मलाच नव्हता. लेखिकेने त्याला एका वाक्यात मारला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माझा राग प्रकाशकावर आहे. खर्ड्याला खर्डा म्हणून, संपादकीय टिपणासह छापायला हवं होतं. त्याऐवजी 'हार्पर ली यांची नवी कादंबरी' म्हणून वीस लाखांची पहिली आवृत्ती काढली, आणि पहिल्या आठवड्यातच उत्तर अमेरिकेत अकरा लाखांवर प्रती गेल्या. मिशिगनमधल्या एका छोट्या पुस्तकविक्रेत्याने तर फसवणूक झाली असं मानून गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले होते.

अबोली

कातळ, यात त्यांच्या बहिणीचाही विषय येतो ना? मोठी बहीण अ‍ॅलिस वकील होती आणि हार्पर ली यांचे सगळे व्यवहार तीच सांभाळायची. ती नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लगेच या पुस्तकाची घोषणा झाली. ली तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या, त्यांना नीट दिसत-ऐकू येत नव्हतं. म्हणून शंका घेतली गेली.

कातळ

हो. अलाबामा सरकारने चौकशीही केली आणि तक्रारीत तथ्य नसल्याचं सांगितलं. ली यांच्या नावाने निवेदन आलं की पुस्तक निघतंय याचा मला आनंद आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या गेल्या. त्यापलीकडे बोलण्यात अर्थ नाही, पण पंचावन्न वर्षं दुसरं पुस्तक न देणाऱ्या बाईचं पहिलं हस्तलिखित बहिणीच्या मागे तीन महिन्यांत जाहीर होतं, याने माझ्यातला वाचक अस्वस्थ होतो.

घाटवाट

आंबेमोहोर, आपण मनापासून लिहिलं आहे. तरीही मी या कादंबरीच्या बाजूने उभा राहणार आहे. माझ्या लेखी 'वॉचमन' कच्ची आहे पण जास्त खरी आहे.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात मास्तर होते. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. शाळेत सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी एका रांगेत बसवलं, त्यासाठी गावाचा रोष घेतला. आमच्याकडे लाकडं फोडायला एक गृहस्थ यायचे. त्यांची कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की ते स्वतः कपबशी विसळायचे आणि पुन्हा तिथेच खोचायचे. आजोबा समोर ओसरीवर पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांनी ती कपबशी ठेवायला सांगितली नव्हती आणि कधी काढायलाही सांगितली नाही. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. मी हे पाहिलं ते त्यानंतर दहा वर्षांनी.

मला ते उमगलं तेव्हा मी कॉलेजात होतो. जीन लुईज गॅलरीतून खाली बघते आणि तिचे हातपाय गार पडतात, तसंच माझं झालं. आणि 'मॉकिंगबर्ड'मधला अ‍ॅटिकस तरी काय म्हणतो? कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची टोळी मुळात राजकीय संघटना होती, एका ज्यू गृहस्थाच्या घरासमोर आली आणि लाजून निघून गेली, असं तो मुलांना सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या स्काउटला ते खटकत नाही, म्हणून आपल्यालाही खटकत नाही. सव्वीसाव्या वर्षी खटकतं. माणूस तोच आहे, पोरगी मोठी झाली.

सिटिझन्स कौन्सिलमधली माणसंही बुरखे घालून हिंडणारी नव्हती. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल मे १९५४ मध्ये लागला, आणि दोनच महिन्यांत मिसिसिपीत पहिली कौन्सिल निघाली. बँकवाले, वकील, दुकानदार, चर्चमधले मानकरी, असे सगळे गावचे प्रतिष्ठित. कर्ज अडवायचं, कामावरून काढायचं, ही त्यांची पद्धत. अ‍ॅटिकससारखा माणूस तिथे नसता तरच नवल.

आंबेमोहोर

घाटवाटकाका, ती कपबशी आता डोळ्यांसमोरून जाणार नाही.

तुमच्या मुद्द्याशी माझं भांडणच नाही. अ‍ॅटिकस असा निघणं मला खोटं वाटत नाही, उलट तेच या कादंबरीचं बळ आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. तुम्हाला आजोबांचं ते कळलं तेव्हा तुम्ही घरात कुणाशी बोललात?

घाटवाट

धाकट्या आत्याशी. ती म्हणाली, मलाही दिसायचं, पण दादांना कोण विचारणार. तेवढ्या एका वाक्याने मी वेडा नाही हे मला कळलं.

(आपला रोख समजला. पण म्हणून कादंबरी फसली असं मी म्हणणार नाही.)

शारदीय

मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे त्या थपडेवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

जीन लुईज बॅगा गाडीत भरून निघालेली असते. वडिलांना तोंडावर बोलून आलेली असते. तेवढ्यात जॅककाका येतो आणि उलट्या हाताने तिच्या सणसणीत मुस्कटात मारतो. मग जखमेची विचारपूस, मग व्हिस्की, मग उपदेश: तू वडिलांना देव मानत होतीस, आता ते माणूस आहेत हे कळलं, प्रत्येकाचा पहारेकरी म्हणजे त्याची सद्सद्विवेकबुद्धी, वगैरे. हे बोलणं वाईट नाही. पण वर तो तिलाच असहिष्णू ठरवतो, कारण तिला वडिलांची मतं ऐकून घेता येत नाहीत! आणि जाता जाता सांगतो की तुझ्या आईवर माझं प्रेम होतं.

घराघरांतून मी हेच बघते. घरातल्या मुलीने अवघड प्रश्न विचारला की प्रश्न बाजूला पडतो आणि तिचा आवाज किती चढला याची चर्चा होते. कुणीतरी मध्यस्थ वडीलधारा येतो, तिला गप्प करतो, आणि घर पुन्हा सुरळीत झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. असं होतं हे लिहायला माझी काहीच हरकत नाही. पण लेखिका त्याच्याकडे तटस्थपणे बघत नाही, तिला हा शेवट खरोखर समेटाचा वाटतो. अ‍ॅटिकस म्हणतो, माझ्या मुलीने आपल्याला पटलेल्या गोष्टीसाठी पाय रोवून उभं राहावं अशीच माझी इच्छा होती. म्हणजे तिच्या बंडाचं श्रेयही शेवटी बापाकडेच. तिच्या हातात काय उरतं?

आणि शोकाबद्दल आंबेमोहोर म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं. या घराने जेमचं दुःख केलेलंच नाही. अशा घरात पुढचं प्रत्येक भांडण दुप्पट तीव्रतेने होतं, कारण त्यात आधीचं न रडलेलं रडणं असतं. जीन लुईजचा सतराव्या प्रकरणातला संताप केवळ वर्णभेदाच्या प्रश्नावरचा वाटत नाही. तिच्याकडे आता एकच माणूस उरलाय आणि तोही हातचा चाललाय, ती भीती त्यात आहे. लेखिकेला हे दिसलं असतं तर हीच कादंबरी कुठल्या कुठे गेली असती.

अबोली

मला सगळ्यात हलवून गेला तो कॅलपर्नियाचा प्रसंग. तिच्या नातवाच्या गाडीखाली येऊन गावातला एक दारुडा गोरा म्हातारा मेलाय. जीन लुईज धावत वस्तीत जाते, आणि जिने तिला लहानाचं मोठं केलं ती कॅल तिच्याशी परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तशी अदबीने बोलते. जीन लुईज विचारते, तू आमचा द्वेष करायचीस का? किती वेळ उत्तरच नाही. शेवटी कॅल नुसती मान हलवते, नाही म्हणून.

आई नसलेल्या मुलीची तीच आई होती. ते नातंही त्या दिवशी तुटतं. आणि अ‍ॅटिकस नातवाचा खटला घेतो कशासाठी, तर काळ्यांच्या संघटनेचे वकील गावात येऊ नयेत म्हणून. इतकं भयंकर लिहून ठेवलंय आणि पुढे त्याचं काहीच होत नाही. त्या पोराचं काय झालं? कॅल पुन्हा भेटली का? कादंबरीला कॅलच्या दुःखाशी देणंघेणं नाही, तिला फक्त जीन लुईजच्या धक्क्याशी आहे.

दक्षिणायन

अटलांटाहून लिहितोय. इथे नोकरीला आलो तेव्हापासून मनरोव्हिलला जायचं मनात होतं, तसा जाऊन आलो. ली यांचं हे गाव, म्हणजेच मेकॉम. माँटगोमेरीपासून दीड-पावणेदोन तासांवर, दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं. जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. सिनेमावाल्यांनी हॉलीवुडमध्ये सेट उभारताना हीच कोर्टरूम नमुन्याला घेतली होती. दर वसंतात गावची माणसं 'मॉकिंगबर्ड'चं नाटक करतात. पहिला अंक आवारात उघड्यावर, खटल्याचा अंक आत कोर्टरूममध्ये, आणि जूरी प्रेक्षकांतून निवडतात. फक्त गोरे पुरुष, कारण १९३५ साली तसंच होतं. वर गॅलरीत जाऊन बसलो. जिना अरुंद आहे, बाकं कडक आहेत, आणि तिथून खाली उभ्या असलेल्या माणसाचा आधी टाळू दिसतो, मग चेहरा. 'वॉचमन'मधला तो प्रसंग मला तिथे बसल्यावर जास्त कळला.

ली राहायच्या त्या घराच्या जागी आज खरोखरच आइस्क्रीम-बर्गरचं छोटं दुकान आहे. शेजारी लेखक ट्रुमन कपोटी लहानपणी राहायचा, त्या घराची फक्त दगडी भिंत उरली आहे. जीन लुईज सभेतून बाहेर पडून आपल्या जुन्या अंगणात, म्हणजे त्या आइस्क्रीमच्या दुकानाच्या मागे जाऊन बसते. लेखिकेने ते कल्पनेने लिहिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. हार्पर ली यांची आई जून १९५१ मध्ये गेली. त्यानंतर दीड महिन्यात थोरला भाऊ एडविन गेला. मेंदूत रक्तस्राव, वय तीस, हवाई दलात होता. अचानक. ली तेव्हा पंचविशीत, न्यूयॉर्कला. पुढच्याच वर्षी वडिलांनी ते घर सोडलं. यानंतर पाच-सहा वर्षांत 'वॉचमन' लिहिली गेली. आता जेमचं ते एक वाक्य पुन्हा वाचा.

आंबेमोहोर

दक्षिणायन, आभार मानावेत तेवढे थोडे.

आई आणि भाऊ दीड महिन्यात, आणि वर घर विकलेलं. ही बाई त्या वाक्यावरून इतक्या घाईने का पळाली हे मला आता समजतंय. जिथे हात लावला तरी दुखत होतं तिथे तिने हातच लावला नाही, आणि सगळा जोर राजकारणाच्या वादावर लावला. वादात निदान बोलता येतं.

यातून मला 'मॉकिंगबर्ड'बद्दल काहीतरी नवं दिसतंय. त्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य जेमबद्दल आहे. तेरा वर्षांचा होत आला होता तेव्हा माझ्या भावाचा हात कोपरात मोडला, तिथून सुरुवात. सगळी कादंबरी ही त्या मोडलेल्या हातापर्यंत कसं पोचलो त्याची गोष्ट आहे. शेवटच्या पानावर अ‍ॅटिकस जेमच्या खोलीत जाऊन बसतो, आणि सकाळी जेम उठेल तेव्हा तो तिथेच असणार असतो. म्हणजे होहॉफबाईंनी 'बालपणाकडे जा' म्हटलं तेव्हा त्यांनी नकळत ली यांना अशा जागी पाठवलं जिथे भाऊ जिवंत होता. हात मोडतो पण जीव वाचतो. बाप रात्रभर उशाशी बसतो. जे दुःख 'वॉचमन'मध्ये लिहिता आलं नाही ते दुसऱ्यांदा लिहिताना असं बाहेर आलं असावं. माझा तर्क आहे, पण मला तो खरा वाटतो.

कातळ, या अर्थाने तुमचं म्हणणं मान्य की हा खर्डा आहे. पण वाचक म्हणून माझ्या हातात पुस्तक पडलं ते कादंबरी म्हणून, नि त्यात शोक हा विषय लेखिकेनेच आणून ठेवलाय. त्यामुळे निराशा होणारच.

कातळ

तर्क आवडला. पुराव्याने सिद्ध होणार नाही, पण पुस्तकाच्या रचनेत बसतो. एक भर: 'वॉचमन'मधले सगळ्यात जिवंत भाग कोणते? तळ्यात बाप्तिस्मा-बाप्तिस्मा खेळणारी पोरं, आणि नृत्याच्या रात्री जीन लुईजची लाज राखायला केलेला तो खटाटोप. दोन्हीकडे जेम आहे. तो आला की गद्य उड्या मारायला लागतं, तो नसला की निबंध होतो. होहॉफ यांना हेच दिसलं असणार.

घाटवाट

मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. ली यांचे वडील, ए. सी. ली, हेही वकील. तरुणपणी, १९१९ साली, त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला. दोघांनाही फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांनी फौजदारी खटला घेतला नाही. पुढे आमदार झाले, गावचं वर्तमानपत्र चालवलं, आणि बराच काळ वर्णभेदाच्या बाजूनेच होते. 'वॉचमन' लिहिली जात होती तेव्हा ते हयात होते. १९६२ मध्ये गेले. जिवंत बापाबद्दल असं लिहायला छाती लागते. आपल्याकडे किती जणांनी लिहिलंय? वडिलांवरची आपली पुस्तकं बहुतेक पूजेची असतात, नाहीतर मग दारूची आणि मारहाणीची. चांगला, सज्जन, आपल्याला लाडाने वाढवलेला माणूस एका बाबतीत चुकीच्या बाजूला उभा होता, हे लिहिणं सगळ्यात कठीण. मी अजून आजोबांवर एक ओळ लिहू शकलेलो नाही.

आणि शारदीयताई, समेट खोटा आहे हे मान्य. पण मीही आजोबांची शेवटपर्यंत सेवा केली. त्यांना आंघोळ घातली, औषधं दिली. ते प्रेम खोटं नव्हतं.

शारदीय

प्रेमाबद्दल माझी शंका नाही, काका. जीन लुईजलाही वडील टाकता येणार नाहीत, हे मला कादंबरी वाचताना पहिल्यापासून माहीत होतं. माझा आक्षेप इतकाच की तिने वडिलांवर प्रेम करत राहावं आणि तिचा प्रश्नही तसाच उभा राहावा, अशी जागा लेखिकेने ठेवायला हवी होती. तुम्ही आंघोळ घालताना ती कपबशी विसरला होतात का?

घाटवाट

नाही. एक दिवसही नाही.

अबोली

आमच्या डोंबिवलीच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात 'मॉकिंगबर्ड' आहे. त्यानंतर लगेच 'वॉचमन' ठेवावी का? दोघीतिघी नको म्हणतायत, अ‍ॅटिकस बिघडेल म्हणून.

कातळ

ठेवा, पण मध्ये महिनाभर जाऊ द्या. आणि आधीच सांगा की हा १९५७ चा पहिला खर्डा आहे, पुढची गोष्ट नाही. सव्वीस वर्षांच्या स्काउटला भेटायला म्हणून गेलात तर हिरमोड होईल.

दक्षिणायन

ऑडिओबुक रीझ विदरस्पूनने वाचलंय, ती स्वतः दक्षिणेतली. आत्याचे आणि गावच्या बायकांचे संवाद तिच्या तोंडून ऐकण्यासारखे आहेत. लांबलेली वादावादी ऐकताना जरा सुसह्य होते.

आंबेमोहोर

अबोली, जरूर ठेव. माझी निराशा झाली तरी वाचू नका असं मी कुणालाच म्हणणार नाही. आत्याशी खटका उडतो ते पान गटात मोठ्याने वाचा, आणि मग घाटवाटकाकांनी लिहिलेलं वाचून दाखव, त्यांची हरकत नसेल तर. तुमच्या गटात कुणाच्या ना कुणाच्या घरात अशी कपबशी असेलच.

घाटवाट

हरकत कसली. वाचा. फक्त गावाचं नाव विचारू नका, ते गृहस्थ गेले पण त्यांची मुलं-नातवंडं तिथे आहेत. त्यांना हे कुणी विचारलेलं नाही.